चौथ्या स्लॉटमधलं कार्ड

ताई गेल्या तेव्हा मला सुतक नव्हतं. रजेच्या अर्जात ‘मृत व्यक्तीशी नातं’ असा एक रकाना होता आणि त्यात काय लिहावं ते मला बराच वेळ सुचलं नाही. अकरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. एकमेकींच्या डब्यातली भाजी कशी झाली आहे हे झाकण उघडल्याबरोबर वासावरून सांगता येण्याइतकी ती ओळख होती. शेवटी मी ‘सहकारी’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. वर पेन्सिलीनं शेरा होता : नियमात बसत नाही. मी कामावर गेले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसले.

नवी मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात आम्ही दोघी संगणक विभागात होतो. मोठं रुग्णालय म्हणजे बाहेरून काचेचं आणि आतून कागदाचं. तिसऱ्या मजल्यावर स्कॅनिंगच्या खोल्यांमागे सर्व्हर रूम आहे. थंड, खिडकी नसलेली, एकसुरी घरघर करणारी. तिथं ज्या सर्व्हरवर सगळ्या रुग्णांचे स्कॅन साठवले जातात, त्याची ही गोष्ट आहे. खरं म्हणजे त्यातल्या एका कार्डाची.

एका रुग्णाचा एक स्कॅन म्हणजे एक चित्र नसतं, हजार-दीड हजार चित्रं असतात. डॉक्टरांना ती पडद्यावर लगेच हवी असतात, आणि त्याच वेळी पलीकडच्या इमारतीत त्यांची दुसरी प्रत जात असते. जुन्या नेटवर्क कार्डाला हे झेपेनासं झालं, म्हणून मे महिन्यात नवं, वेगवान कार्ड आलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि बाहेरच्या बाजूला दोन पोर्ट. एक डॉक्टरांच्या पडद्यांसाठी, दुसरा प्रतीसाठी. ते बसवायचं काम ताईंचं. मी हाताखाली.

ताई मॅन्युअल वाचत. सगळं, पहिल्या पानापासून. आमच्या विभागात ही गोष्ट विनोदाची होती. पुस्तकं वाचते म्हणून मला हसत आणि मॅन्युअल वाचतात म्हणून त्यांना. कार्ड येण्याआधी दोन दिवस त्या ते वाचत होत्या. मग त्यांनी मला सर्व्हरचा नकाशा दाखवला. आत चार स्लॉट असतात. बाहेरून चारही सारखेच दिसतात, तेवढेच लांब, कार्ड चारहीमध्ये बसतं. पण डेटा ये-जा करायच्या आतल्या वाटा सारख्या नसतात. पहिल्या स्लॉटला सगळ्या वाटा असतात, चौथ्याला त्याच्या पाव. चौथा किरकोळ कामासाठी ठेवलेला. “दिसायला सगळे सारखेच,” ताई म्हणाल्या, “म्हणून तर लोक चुकतात. आत बसलं, दिवा लागला, की काम झालं असं वाटतं.”

त्यांनी रॅकच्या उघड्या लोखंडाला हात टेकवला, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून. तो त्यांचा नेहमीचा शिरस्ता. नव्या मुलांना तो नमस्कार वाटे. मग कार्ड दोन्ही कडांना सारखा दाब देऊन पहिल्या स्लॉटमध्ये बसवलं, स्क्रू घट्ट केला, फायबरची टोकं पुसून जोडली. सर्व्हर सुरू झाल्यावर त्यांनी मांडणीची फाइल लिहिली. पत्ता काय, एका वेळी केवढा मोठा डेटा पाठवायचा, कोणत्या प्रोसेसरनं या कार्डाकडे बघायचं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमचा सर्व्हर कार्डाला नाव देतो ते ते कुठं बसलं आहे त्यावरून. पहिल्या स्लॉटमध्ये असेल तर नावात एक, चौथ्यात असेल तर चार. मांडणीची फाइल त्या नावाला बांधलेली असते. म्हणजे कार्ड हलवलं की नाव बदलतं, आणि आधीची फाइल तशीच पडून राहते. ताईंना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी फाइलच्या माथ्यावर एक टीप लिहिली : कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये असेल तरच ही मांडणी चालेल, कृपया हलवू नये. टीप मराठीत होती, पण रोमन अक्षरांत, कारण त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. इंग्रजीत त्या फारसं लिहीत नसत. मराठी शाळेत शिकलेल्या, वाशीच्या मार्केटमध्ये पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराची मुलगी. इंग्रजीत मॅन्युअल वाचायच्या आणि मराठीत विचार करायच्या.

जुलैच्या शेवटी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सर्व्हर रूमची पूजा असते. खंडेनवमीला बाकीचे लोक अवजारं पुसतात, आम्ही सर्व्हर पुसतो. वर्षातून एकदा ते बंद करून उघडले जातात, धूळ काढली जाते, झाकणावर झेंडूचं एक फूल आणि हळदीकुंकवाचं बोट. अकरा वर्षं ते काम आम्ही दोघींनी केलं होतं. त्या वर्षी मी रजा टाकली. या रजेला नात्याचा रकाना नव्हता, त्यामुळे ती लगेच मंजूर झाली.

दिवाळीनंतर स्कॅन सावकाश यायला लागले. आधी सकाळी, मग दिवसभर. डॉक्टर पडद्यासमोर बसून वाट बघत. एका दुपारी तर पडदे इतके अडकले की स्कॅनिंगच दोन तास थांबवावं लागलं आणि पोटात दुखणारी माणसं बाकांवर ताटकळत राहिली. तोवर दुसरं स्कॅन यंत्र सुरू झालं होतं, त्यामुळे मलाही वाटलं की भार वाढला आहे. आमच्या साहेबांनी बाहेरची एक सल्लागार कंपनी नेमली. त्यांच्यातलं कुणी खोलीत आलं नाही. दूरवरून सर्व्हरमध्ये शिरले, दोन दिवस बघितलं आणि नऊ पानांचा अहवाल पाठवला.

अहवालातलं सहावं पान मला आजही जसंच्या तसं आठवतं, पण ते उतरवून काढायची इच्छा नाही. सारांश असा : मे महिन्यात कार्ड बसवणाऱ्या अभियंत्यानं ते चुकीच्या, कमी क्षमतेच्या स्लॉटमध्ये बसवलं. शिवाय मांडणी अस्तित्वातच नसलेल्या नावासाठी लिहिली, त्यामुळे ती कधी लागूच झाली नाही. फाइलमध्ये काही निरर्थक मजकूरही आढळला. मूळ कारण, मानवी चूक. खाली कंसात ताईंचं पद आणि ‘सध्या सेवेत नाहीत’.

सध्या सेवेत नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि निरर्थक मजकूर म्हणजे ती टीप. ज्या एका ओळीत काय करू नये ते स्वच्छ सांगितलं होतं, ती त्यांना वाचता आली नाही. कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. माझं टेबल साहेबांच्या केबिनपासून वीस पावलांवर आहे.

तरी मी चार दिवस गप्प बसले. हे लिहायला लाज वाटते. कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये बसवताना मी स्वतः टॉर्च धरून उभी होते. पण छापलेल्या, सही-शिक्क्याच्या कागदाचं असं काही वजन असतं की आपल्याला आपलीच आठवण खोटी वाटू लागते. चौथा होता का तो? मीच चुकीचं आठवते आहे का?

पाचव्या दिवशी ताईंचे वडील आले. कोपरखैरण्याहून, ताईंचं सेवेचं प्रमाणपत्र घ्यायला. ताईंनी लग्न केलं नव्हतं, घरी हे दोघंच. पंचाहत्तरी उलटलेला, पाठ वाकलेला पण मान ताठ असलेला माणूस. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. चहा बशीत ओतून ते म्हणाले, “पोरी, एक इचारू का? आमच्या हिच्याकडून काय चूक झाली हुती का हितं?”

मी विचारलं, कोण म्हणालं. त्यांचा एक पुतण्या आमच्याच रुग्णालयाच्या लाँड्रीत आहे, चाळिशी ओलांडलेला, घरी नेहमी येणारा-जाणारा. अहवाल बैठकीत वाचला गेला, बैठकीतून वॉर्डात गेला, वॉर्डातून चादरींबरोबर लाँड्रीत पोचला. पुतण्यानं घरी येऊन सांगितलं की तिच्या चुकीनं मशीन बंद पडलं, पेशंटचे हाल झाले. चाळीतली माणसं आता सांत्वनाला येतात आणि तोच विषय काढतात.

“मी चाळीस वर्सं माल उचलला,” ते म्हणाले. “एक पोतं कुणाच्या अंगावर पाडलं न्हाई. तिला तेवढंच शिकवलं हुतं.”

चहा तसाच राहिला. त्यांना बसमध्ये बसवून मी परत आले ती सरळ सर्व्हर रूममध्ये गेले. मी शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही, माझी भांडणं मनातल्या मनात होतात आणि तिथंच संपतात. त्या दिवशी ते संपेना.

सर्व्हर प्रत्येक वेळी सुरू होताना आपल्याला काय काय सापडलं ते नोंदवून ठेवतो. ती नोंद वाचायला वेळ लागतो, अक्कल फार लागत नाही. सल्लागारांनी शेवटची नोंद तेवढी पाहिली होती. मी मागे मागे गेले. ऑक्टोबर, आणि त्याआधी थेट मे. मे महिन्यात कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये, सगळ्या वाटा मोकळ्या, ताईंची मांडणी लागू. तेव्हापासून खंडेनवमीच्या सकाळपर्यंत सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता. त्या सकाळी बंद झाला. दुपारी पुन्हा सुरू झाला तेव्हा कार्ड चौथ्या स्लॉटमध्ये होतं, आणि खाली सर्व्हरनं स्वतःच इशारा दिला होता की या कार्डाला इथं पुरेशी वाट मिळत नाही. वीस मिनिटांनी कुणीतरी घाईघाईत नवी फाइल बनवली होती. नुसता पत्ता टाकलेली, बाकी सगळं कोरं.

त्या दिवशी ताईंना जाऊन अडीच महिने झाले होते.

कार्ड हलवलं कुणी आणि कशाला, हे कळायला मला स्टोअरमध्ये जावं लागलं. आमच्याकडे दरवर्षी मालमत्तेची पडताळणी होते. प्रत्येक मोठ्या वस्तूवर नंबराचा स्टिकर हवा आणि वस्तू जागेवर असतानाचा फोटो हवा, स्टिकर वाचता येईल असा. सर्व्हर वर्षातून एकदाच उघडतात, म्हणून स्टोअरवाल्यांनी पूजेचाच दिवस धरला होता. पहिल्या स्लॉटमध्ये कार्ड पालथं बसतं. स्टिकर खालच्या बाजूला जातो. चौथ्यात ते उताणं बसतं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय मॅडम, फोटोत नंबर दिसायला नको?” स्टोअरचे साहेब म्हणाले. मनानं वाईट माणूस नाही. समोर प्रसादाची खडीसाखर अजून वाटीत होती. “मेंटेनन्सवाल्याला सांगितलं, दिसेल असं लाव. त्यानं लावलं. चालू होतं की नंतर. दिवा लागला होता, मी स्वतः बघितला.”

त्यांनी फोटो काढून दाखवला. उघडा सर्व्हर, चौथ्या स्लॉटमध्ये कार्ड, त्यावर पांढरा स्टिकर, नंबर अगदी स्पष्ट. कोपऱ्यात झेंडूची पाकळी. खाली तारीख आणि वेळ. वस्तू जागेवर आहे याचा पुरावा म्हणून काढलेला तो फोटो, आणि तो काढण्यासाठीच वस्तू जागेवरून हलवलेली. त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. मी फोटोची प्रत मागितली. त्यांनी लेखी अर्ज मागितला. मी उभ्या उभ्या लिहून दिला.

कार्ड परत जागेवर न्यायला रविवारची दुपार मिळाली, दोन तास. मेंटेनन्सवाल्याला मी बोलावलं नाही. सर्व्हर बंद केला, झाकण काढलं. लोखंडाला हात टेकवला. कार्ड बाहेर काढलं तर त्याच्या पाठीमागे हळदीचा डाग होता. तो कोरड्या ब्रशनं झाडला. पहिल्या स्लॉटवरची रिकामी पट्टी काढून कार्ड आत सरकवलं. दोन्ही कडांना सारखा दाब द्यायचा असतो. एका बाजूनं रेटलं तर ते बसल्यासारखं वाटतं आणि बसलेलं नसतं. आवाज आला. स्क्रू, मग फायबर. घाईत बनवलेली ती कोरी फाइल मी आधीच काढून टाकली होती. तिच्या जागी नवीन काही लिहिलं नव्हतं.

सर्व्हर सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात. मी स्टुलावर बसून पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघत होते. कार्ड सापडलं. पहिला स्लॉट. सगळ्या वाटा. नावात पुन्हा एक आला, आणि त्या नावाची फाइल तर मे महिन्यापासून तिथंच होती. सर्व्हरनं ती उचलली. पत्ता, मोठ्या डेटाची परवानगी, प्रोसेसरची वाटणी, सगळं एकामागून एक लागू होत गेलं. मी एक अक्षर टाइप केलं नाही. दोन्ही दिवे हिरवे झाले. स्कॅनिंगच्या डॉक्टरांनी एक जुनी फाइल उघडून बघितली आणि फोनवर म्हणाले, आलं, सगळं आलं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट रडू आलं. सर्व्हर रूमच्या घरघरीत ते कुणाला ऐकू गेलं नसेल.

सोमवारी नोंदी, फोटो आणि मूळ फाइल, टिपेच्या भाषांतरासह, मी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी सगळं बघितलं. बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. मग चष्मा काढून म्हणाले, “ग्रेट काम केलंत. आता टेन्शन संपलं ना? क्लोज करून टाकू.”

मी म्हटलं, अहवाल बदलायला हवा.

“अहवाल सबमिट झालाय वर. आणि मॅडम, समजून घ्या, त्या तर गेल्या. त्यांच्यावर काय ॲक्शन होणार आहे? स्टोअरवाल्यांचं नाव घातलं तर उद्या त्यांना मेमो. जिवंत माणसाला कशाला त्रास? त्यांना काय फरक पडतो आता?”

एवढं सौम्यपणे बोलले ते. समजूत घालणाऱ्या माणसाच्या आवाजात. मला त्या आवाजाची चीड आली, अजूनही येते. जिवंत माणसाला मेमोचा त्रास होतो, म्हणून चूक मेलेल्या माणसाच्या नावावर ठेवायची, कारण ते माणूस तक्रार करायला येणार नाही. हा हिशेब त्यांना इतका सरळ वाटत होता की तो मोठ्यानं सांगायला त्यांना संकोच झाला नाही. नियमात मी ताईंची कुणी नव्हते. पण नियमाला त्यांची आठवण झाली होती ती एवढ्यासाठीच.

मी म्हटलं, “फरक त्यांच्या वडिलांना पडतो. ते इथं आले होते. आणि मला पडतो. तो बदलेपर्यंत मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करणार नाही.”

त्या कागदाशिवाय तक्रार बंद होत नाही, आणि तक्रार उघडी राहिली की ती दर आठवड्याला वरच्यांच्या यादीत जाते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी मधला रस्ता सुचवला. ‘मानवी चूक’ काढून ‘तांत्रिक कारण’ घालू. मी नाही म्हटलं. कार्ड आपोआप चालत गेलं नव्हतं. तीन आठवडे हे चाललं. कँटीनमध्ये माझ्याकडे बघून बोलणं थांबे. एकीनं मला सांगितलं की इतकं मनाला लावून घेऊ नये, मेलेल्या माणसात अडकून राहणं बरं नाही, मी योगासनं करावीत. मी यादीतली तक्रार उघडी ठेवली आणि रोजचं काम करत राहिले.

शेवटी सुधारित अहवाल निघाला. एक पान. स्टोअरचं नाव नाही, ‘वार्षिक पडताळणीदरम्यान’ एवढंच. पण पुढची दोन वाक्यं मी सांगितली तशी आली : मे महिन्यात केलेली जोडणी आणि मांडणी संपूर्णपणे योग्य होती. ती करणाऱ्या अभियंत्यांची कोणतीही चूक नव्हती. पहिला अहवाल ज्या बैठकीत मोठ्यानं वाचला गेला, त्याच बैठकीत हा मात्र ‘वाचला असं समजून’ पुढे सरकवला गेला. मी सही केली. त्याची शिक्क्याची प्रत मागून घेतली आणि त्याच संध्याकाळी कोपरखैरण्याला गेले.

वडील दारातच बसले होते. मी कागद पुढे केला, त्यांनी घेतला नाही. “मला वाचून काय कळणार,” म्हणाले, “तूच सांग.” मी सांगितलं. कार्ड कुणी हलवलं, कशासाठी, तेव्हा ताई नव्हत्याच. ते ऐकत राहिले. स्टिकरचं सांगितलं तेव्हा त्यांनी तो भाग पुन्हा सांगायला लावला, नीट समजल्यावर फक्त मान हलवली.

मग ते आत वळून म्हणाले, “ए, भाइर ये.”

पुतण्या आत होता. बनियनवर टॉवेल टाकून आला आणि मला बघून उंबऱ्याशीच थांबला. “मी तर नुसतं कानावर आलं ते बोललो, नाना,” तो म्हणाला.

“व्हय. आता हे बी ऐक. तिकडं चार जनांत बोलला हुतास, आता चार जनांत हे सांगायचं.” मग माझ्याकडे वळून, “पोरी, वाच. सावकाश वाच.”

मी ती दोन वाक्यं वाचली. शेजारच्या दारात एक बाई भांडी घासत होती, तिनं नळ बंद केला.

“आणि एकदा,” ते म्हणाले.

मी पुन्हा वाचली, या वेळी जरा मोठ्यानं.